चीक

कौलाच्या आदल्या संध्याकाळी
धाकू गुरव दारात : "वायंच खोबरेल आसा गो?"
बोटं एकमेकांना चिकटलेली. कोवळ्या फणसाचा चीक.
बाटली दिली. काय कापलंस, विचारलं नाही.

सकाळी सातेरीच्या पाषाणावरून
उजवा कळा पडला, डावा हलला नाही.
म्हणजे राईतली झाडं द्यायला देवीची ना नाही.
डावा अजून तिथेच आहे.
सुकला, तरी.

जाऊ म्हणते, देवीचं देवी बघेल.
बघेलच.
पण खोबरेल तिच्याकडे कोणी मागितलं नव्हतं.

कणकवलीहून एकजण कॅमेरा घेऊन आला,
ओटीवर बसून सोलकढी प्यायला,
हसायला आधीपासूनच तयार.
त्याला म्हटलं, मला काही ठाऊक नाही.
ते खोटं माझं. त्याचा दंड मी भरणार नाही.

शिमग्याला गाऱ्हाणं सुरू झालं,
झाडां पडतत ती गावाच्या बऱ्याक पडांदेत रे म्हाराजा
आणि सगळा गाव : व्हय म्हाराजा!
माझा व्हय घशातच राहिला.
एका बाईच्या आवाजाची जागा ती केवढी,
तरी शेजारच्या रुक्मानं वळून बघितलं.

धाकूची पोर माझ्याकडे शिवण शिकते.
तीन रात्री त्यातच गेल्या.

आज करवतवाले धक्क्यावर उतरलेत.
मी निघालेय, तीच बाटली घेऊन, अर्धी उरलीय.
आधी त्याच्या दारात :
धाकू, हात धू. चल, परत लाव कळे.
नाही म्हणाला, तर देवळात, मानकऱ्यांसमोर.
तिथेही नाही, तर
तो रस्ता अजून मी बघितलेला नाही.