नंबर एकसष्ट

नाव? इल्मा कांगस.
धंदा? आमिषाचं दुकान, धक्क्याजवळ.
गळ, दोरा, जिवंत चिंगळ्या डझनाच्या भावानं,
आणि हिवाळ्यात बर्फाला भोक पाडायची गिरमिटं भाड्यानं.
कारकुनानं सगळं उतरून घेतलं,
‘जिवंत’सुद्धा.

माझ्याआधी साठ जण होऊन गेले होते.
जज्ज ट्रेंबाथ प्रत्येकाला तेच विचारायचे,
दरवेळी नव्यानं सुचल्यासारखं:
या प्रकरणाबद्दल काही वाचलंय? पाहिलंय? कानावर आलंय?
साठही जण हो म्हणाले.
सरोवर पाहिलंय का, असं विचारल्यासारखंच होतं ते.
सरोवर तर खिडकीतूनच दिसत होतं,
आणि त्याच्या अलीकडे सात गाड्या,
टपांवर परातीएवढ्या तबकड्या,
ऑगस्टपासून उभ्या.

शाळेची बस चालवणारा आर्वो म्हणाला,
मत झालंय, पण बाजूला ठेवीन.
छान, म्हणाले जज्ज.
ओले बूट दाराबाहेर काढून ठेवावेत तसं,
एवढं सोपं.
निघताना तेच बूट पुन्हा पायात चढवायचे असतात,
हे कुणी बोललं नाही.

फोटो तुम्हीही पाहिला असेल.
आधी बोटहाऊस जळताना,
मग रॉय हाकाला हसताना.
पुन्हा बोटहाऊस. पुन्हा रॉय.
आत दोन भाऊ होते, नऊ आणि बारा वर्षांचे;
धाकटा माझ्याकडून उधारीवर गळ न्यायचा.

तो फोटो मी काढलाय.
फेब्रुवारी, बर्फावरची स्पर्धा.
रॉयच्या गळाला मासा नाही, रबरी बूट लागला होता.
तो बूट त्यानं बक्षीस मिळाल्यासारखा वर धरलेला,
शेजारी त्याची आई, पिवळी टोपी, हसून हसून वाकलेली.
दुकानाच्या भिंतीवर होता, चार टाचण्यांनी.
सप्टेंबरात एक मुलगी आली, फार गोड बोलणारी,
नको असलेल्या दोन डझन चिंगळ्या घेतल्या तिनं,
आणि विचारलं, भिंतीचा फोटो काढू का?
मी म्हटलं, काढ की.
रात्री बातम्यांत बूट नव्हता.
आई नव्हती.
नुसते दात.

हे सगळं सांगायचं ठरवून गेले होते मी.
खुर्चीत बसले. डोळे मिटले,
बूट आठवायला.
तर रॉय हसत होता आणि त्याच्या दातांवर
नारिंगी उजेड हलत होता.
फेब्रुवारीत कसली आग?
पांढरं आभाळ होतं त्या दिवशी, मला ठाऊक आहे,
मीच होते तिथे, बोटं गारठली होती माझी.
पण उजेड हलतच राहिला.

वकील पेल्तिए अदबीनं म्हणाले,
इथे तुमच्या डोळ्यांसमोर जे येईल,
फक्त त्यावरून ठरवाल ना?
साहेब, म्हटलं,
डोळ्यांसमोर जे घडलं होतं
तेसुद्धा आता माझं राहिलं नाही.

आभारी आहोत. तुम्ही जाऊ शकता.

त्यानं केलं की नाही, मला माहीत नाही.
हे मात्र कुणी विचारलंच नाही.

जिन्यात असताना बासष्ट नंबरचं उत्तर ऐकू आलं:
मी बातम्या बघत नाही, वृद्धाश्रमात रात्रपाळी असते.
दोन्ही वकिलांनी श्वास सोडला, एकदमच.
घेतलं तिला.
माझी मावशी तिथेच होती शेवटची दोन वर्षं.
तिथे प्रत्येक खोलीत टीव्ही रात्रभर चालू असतो,
आवाज बारीक करून,
म्हाताऱ्यांना अंधाराची भीती वाटू नये म्हणून.
मी मागे फिरले नाही.

दुकान उघडलं. भिंतीवर चौकोन,
बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ.
एक गिऱ्हाईक म्हणालं, तो हसणारा ना?
चिंगळ्या मोजून दिल्या, एक जास्तच गेली.

मग गल्ल्याच्या खणातून फोटो काढला.
बूट होता. डाव्या पायाचा.
आई होती. टोपीचा पिवळा तसाच होता.
अंगठ्यानं रॉयचं तोंड झाकून
मी बूट बघत राहिले, आईला बघत राहिले,
आणि अंगठा काही उचलवेना.