सातूचा घाट

मोक्पोच्या धक्क्याजवळ, बोटींची तिकिटं मिळतात
त्याच्या मागच्या बोळात
ओक्बुनची खाणावळ उघडते पाचला,
धूर मात्र चारलाच.

कढई जुनी, तिच्याहून थोडीशीच लहान.
तीत दोन ओंजळी सातू.
आधी नुसती सळसळ, वाळूत कुणी अनवाणी चालल्यासारखी,
मग एक दाणा तडकतो, मग पलीकडचा,
मग सगळे एकदमच बोलायला लागतात
आणि ती म्हणते, "पुरे. आता गप्प."
तांबूस नव्हे, काळाही नव्हे.
रंग नेमका कुठला विचारलं
तर स्वतःचं कोपर दाखवते.

बोरिचा म्हणतात त्याला.
आपल्या कानाला वाटतं, बोरीच्या झाडाचं काही असेल.
तसं नाही. बोरी म्हणजे सातू,
आणि चा म्हणजे आपला चाच,
फक्त पत्ती नाही, दूध नाही, साखर नाही,
आणि बिलात त्याची ओळ नाही.
इथं पाणी मागितलं की हेच येतं
पोचे पडलेल्या पिवळ्या किटलीतून,
उन्हाळ्यात गार, थंडीत वाफाळतं,
वास तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीचा.

सेऊलहून आलेली पोरं विचारतात,
"आजी, पाणी गढूळ का?"
ती हसते, तोंडावर हात धरून.

ती सहा वर्षांची होती तेव्हा पाणी गढूळ नव्हतं.
स्वच्छ होतं.
त्यात घालायला काही नव्हतंच.
गेल्या सालचा तांदूळ संपलेला,
यंदाचा सातू अजून हिरवा,
मधल्या त्या दिवसांना लोक म्हणायचे
सातूचा घाट.
नकाशात सापडत नाही.
गावंच्या गावं चढायची तो,
पाइनच्या सालीचा लगदा गिळत,
आणि चढलेले सगळेच
पलीकडे उतरायचे नाहीत.

धाकटा भाऊ गिल्सू, चार वर्षांचा,
एकदा शिरला प्यो यांच्या शेतात.
हिरवी कणसं, दुधाळ दाणे,
कुसं टाळूला टोचलेली.
प्यो म्हाताऱ्यानं (तेव्हा तो म्हातारा नव्हता)
धरलं त्याला. मारलं नाही.
तोंड उघडायला लावलं
आणि बोट घालून दाणे काढून घेतले.
मोजून.
अकरा होते.

एवढंच. याहून जास्त ती सांगत नाही.
गिल्सूचं पुढे काय झालं विचारलं
की किटली घासायला घेते,
घासलेलीच.

गुरुवारी प्यो यांचा मुलगा येतो.
सत्तरी ओलांडलेला, गुडघे गेलेले,
पोस्टातून निवृत्त.
मासळीचा रस्सा, मुळ्याची किमची, वाटीभर भात.
डॉक्टरनं दारू तोडलेली, म्हणून
सातूचंच पाणी, तीन तीन पेले.
त्याला काही माहीत नाही.
बापाचं बोट कुठे कुठे गेलं
पोराला कसं कळावं?

"तुमच्यासारखं कुठंच मिळत नाही," तो म्हणतो,
"सून आणते ते पिशवीतलं, त्याला चवच नाही.
काय घालता यात?"
"सातू."
"आणि?"
"आणि काही नाही."
एकदा त्यानं वरचे पैसे ठेवले पाण्याचे.
ती रस्त्यापर्यंत गेली मागे
परत करायला,
एप्रन तसाच, हात ओले.

तो गेला की पेला उचलते.
तळाशी गाळणीतून निसटलेले दाणे,
फुगलेले, उकळून मऊ झालेले.
बाकीच्यांच्या पेल्यांतले सरळ मोरीत जातात.
याच्या पेल्यातले ती बोटानं काढते,
तळहातावर पसरते. आज चार.
मागच्या गुरुवारी सात होते.
खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून देते.
चिमण्या येतात.
चिमण्यांना मोजता येत नाही.

मग उद्याचा सातू निवडायला बसते.
यंत्रानं साफ केलेलं पोतं, वर तसा शिक्का,
तरी एखादा खडा
निघतोच.