दुसरी पाळी

अंबडच्या कारखान्यात मी एमसीबी तपासते.
प्रवाह वाढवत न्यायचा, वाढवत न्यायचा,
ठरल्या सेकंदात खटका पडला पाहिजे.
पडला तर हिरवं स्टिकर.
नाही पडला तर लाल क्रेट.
अकरा वर्षांत एकही सदोष खटका
माझ्या टेबलावरून पुढे गेलेला नाही.

साडेअकराला पाळी सुटते.
बस पवननगरच्या कोपऱ्यावर सोडते.
घरी सगळे निजलेले.
मी कँटीनमध्ये पोटभर जेवून आलेली असते.
हे सांगायलाच हवं. भूक नसते.

तरी दिवा न लावता फ्रिज उघडते
आणि त्या एवढ्याशा उजेडात, उभ्यानं:
सकाळची गार पोळी,
मग नुसतं तूप, बोटानं,
सासूबाईंच्या उपासाची भगर,
लेकीच्या डब्याची क्रीमची बिस्किटं,
दिंडोरीच्या नणंदेसाठी आणलेला अर्धा किलो चिवडा,
पिशवी दातांनीच फोडलेली.
चव तिसऱ्या घासाला संपते.
हात थांबत नाही.
हाताला कुणी सांगितलेलंच नसतं.

कागद, पिशव्या ओढणीत गुंडाळून
सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या घंटागाडीत टाकते.
गाडीवरच्या पोराला वाटतं, मी तिथेच राहते.
"ताई, ओला-सुका वेगळा आणत जा," म्हणतो.

डॉक्टर खैरनार कॅनडा कॉर्नरला, दुसऱ्या मजल्यावर.
घरी सांगितलं, गुडघ्यांसाठी जाते.
बाईंनी मला वजनकाट्यावर उभं केलं नाही.
तिथेच रडू आलं.

त्यांनी कागदावर मेंदू काढला,
वाईट काढला, भरताच्या वांग्यासारखा.
मधे एक ठिपका. म्हणाल्या, इथलं डोपामिन
खाताना नाही, खायच्या आधी उसळतं.
बस वळली की. कुलपात किल्ली फिरली की.
ते सुख देत नाही, नुसतं "चल" म्हणतं.
आणि इथे, कपाळामागे, "थांब" म्हणणारा एक भाग,
तो दिवसभर थांब, थांब म्हणून दमलेला.

म्हणजे माझा खटकाच सदोष?
त्या हसल्या नाहीत.
"सदोष कशाला? उशिरा पडतो."

गोळी असते का यावर?
असतात. काहींना लागू पडतात, काहींना नाही.
बघू, म्हणाल्या, आधी नीट तपासू.
उंदरांवर अजून बरंच चालू आहे, कुठे कुठे.

परतीच्या रिक्षात तो उंदीरच डोळ्यांपुढे:
साखरेच्या पाण्यासाठी रात्रभर कळ दाबणारा,
आणि एके दिवशी कुणा मुलीनं सुई टोचल्यावर
कळ सोडून
मिशा पुसत बसलेला.

तोवर वही. किती वाजता, काय, आणि त्याआधी काय झालं.
तीन वेळा जेवण, घड्याळ लावून.
आणि उपास बंद. सोमवारही, संकष्टीही.
दिवसा उपाशी ठेवलेलं पोट
रात्री व्याजासकट वसूल करतं.
सासूबाईंना काय सांगू?
"सांगा, गुडघ्यांना चालत नाही."

वही कारखान्यातलीच, रिजेक्शनची, मागून कोरी.

मंगळवार. १२.१०. अर्धी लादी पाव, लोणी, भगर.
आधी: निकम सुपरवायझर म्हणाले,
तुम्हाला खुर्ची बदलून द्यावी लागेल. सगळे हसले.
मीही हसले.

बुधवार. काही नाही.

गुरुवार. लिहिलं नाही.
म्हणजे काय ते समजा.

शुक्रवार. १२.२५. दोन पोळ्या, गिलक्याची भाजी.
दिवा लावून. ताटात. बसून.
लेक पाणी प्यायला उठली,
उजेडानं डोळे बारीक करत म्हणाली,
आई, तू जेवतेयस?

म्हटलं, हो.