मळी

दारुखान्यात, तिसऱ्या गाळ्यात
सोनबा खरटमल, म्हणजे माझा बाप,
लांब दांड्याच्या पळीने
उकळत्या लोखंडावरची साय काढायचा.
साय हा शब्द त्याचाच.
गाळ्याचा मालक म्हणायचा, घाण.
मी लॅबमध्ये लागले तेव्हापासून लिहिते : मळी.

मानखुर्दच्या एका इमारतीत
तळमजल्याच्या लाद्या वर आल्या,
खालून कुणी खांदा लावावा तशा.
नारळ फोडून झाला.
कंत्राटदाराने उंदरांवर ढकललं.
मी गाभा कापून आणला :
काळ्या खड्याच्या पोटात पांढरा ठिपका,
न विझलेला चुना.
फरशी पुसल्याचं पाणी झिरपत त्याच्यापर्यंत गेलं
आणि तो फुगत राहिला, दीड वर्ष,
आवाज न करता.

बाप म्हणाला, "ताजीच भरली असणार.
मळीला आधी उघड्यावर टाकावं,
पाणी पाजावं, उलथावं.
काय फुगायचं ते फुगून घेऊ दे तिला.
मग घाल रस्त्यात,
वरून डंपर गेला तरी हूं करणार नाही."
माझ्या पुस्तकाला याच्यासाठी अकरा पानं लागली.

त्याच्या खिडकीत एक खडा असतो,
बाटलीच्या काचेसारखा, कडेला निळसर.
शेजारची पोरं खेळायला मागतात.
"हा तुझ्या भट्टीतला नाही," मी म्हटलं.
"नाही. मागच्या शेडमधला.
रात्री जुन्या बॅटऱ्या वितळवायचे तिथे.
तू पाळण्यात होतीस."

खडा फोडला.
आंबट पाण्यात घालून बाटली अठरा तास
गरगर फिरत ठेवली.
गाळलेलं पाणी इतकं नितळ
की चहा ठेवावा.
शिशाचा आकडा आला तो मी पुन्हा काढला,
मग तिसऱ्यांदा.

हिला ऊन-पाणी दाखवून भागत नाही.
हिची खडी नको, भर नको, वीटसुद्धा नको.
बंद पिंपात घालून, नाव लिहून,
जिथे अशा गोष्टी पुरतात तिथे पाठवायची.
रिपोर्टवर मी 'अयोग्य' लिहिलं
आणि घरी घेऊन गेले,
जे नियमात बसत नाही.

"शेडमधली सगळी कुठे गेली, बाबा?"

त्याने चष्मा लावला,
रिपोर्ट उलटा केला, माझंच पेन घेतलं,
आणि कोऱ्या बाजूवर काढायला लागला :
गटार. पिंपळ. शाळेची मागची भिंत.
"इथपासून इथपर्यंत," म्हणाला,
"गुडघाभर खोल.
वर लाल माती आम्हीच टाकली."