निंगव्वा ऊर्फ

कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून माझं टेबल.
शिक्क्याची निळी उशी, टाचण्या, स्टॅम्पपेपर.
पंखा लावला की सगळं उडतं,
म्हणून पंखा बंद.

कन्नडातून इंग्रजीत, मराठीतून इंग्रजीत,
पानामागे ऐंशी रुपये.
उतारे, वाटण्या, मेलेल्यांचे दाखले.
यंदा पहिल्यांदा फायलीत एक जिवंत पोर आली.

पंचनाम्यात निंगव्वा.
दवाखान्याच्या कार्डावर लिंगव्वा.
संस्थेच्या वहीत नुसतीच निंगी, वय अंदाजे चार.
दिल्लीच्या साहेबांना तीन मुली दिसल्या,
एकीचीच परवानगी मागितलेली.
तेव्हा शंभराच्या कागदावर टाईप केलं :
वरील तिघी एकच आहेत,
हे मी शपथेवर लिहून देते.
खाली सही संस्थेच्या अंगडीबाईंची.
शपथ टाईप करताना जीभ मात्र माझी कोरडी पडली.

सापडली : लोंढा जंक्शन, फलाट दोन,
नळाजवळ. अंगात दोन स्वेटर, एकावर एक.

इथं मी थांबले.
कुणीतरी थंडीचा विचार केला होता.
इंग्रजीत त्याचे दोनच शब्द झाले.

रकाना नऊ : मातृभाषा.

या एका रकान्यापायी
पाट्यांना डांबर फासलेलं बघितलंय आम्ही,
निपाणीत बसमध्ये अडकून रात्र काढलीय,
नोव्हेंबरच्या एक तारखेला
दंडाला काळी फीत बांधलेल्या बापाचं बोट धरून
मी चाललेय, पायात चप्पल नव्हती.
अंदाजानं भरायचा रकाना नव्हे हा.
विचारायला गेले.

लक्कव्वा आया म्हणाली,
पाण्याला नीर म्हणत्ये. मांजराला बेक्क.
भाताला भातच.
आणि झोपेत रडली तर?
कधी आये. कधी अव्वा.
दोन्ही ऐकलंय बाई, रात्रपाळी माझीच की.

परत येऊन रकान्यात एक आडवी रेघ मारली.
रेघेचं भाषांतर करावं लागत नाही.

मग नुसती वाट.
तिकडच्यांचा पोलीस दाखला सहा महिन्यांचा, तो संपला.
नवा येईतो इकडचा डॉक्टरचा संपला.
जुनं वजन अकरा किलो दोनशे, नवं साडेतेरा.
मधले दोन किलो तीनशे कुठल्या कागदात लिहायचे,
तो डाळभात, ते दोन ताप,
घसरगुंडीवर फुटलेला गुडघा?
दिल्लीहून ‘हरकत नाही’ यायचं आहे.
हरकत होती कुणाची, ते फायलीत कुठंच नाही.

इटलीहून अल्बम आला. चिन्झिया, दारिओ,
तीन पायांचा एक कुत्रा,
पिवळ्या भिंतींची खोली, खिडकीबाहेर बर्फ.
निंगी बर्फावर बोट ठेवून म्हणते, उप्पू.
मीठ.
मी दुरुस्त केलं नाही.
अल्बमसोबत आलेला फ्रॉक
तेव्हा घोट्यापर्यंत लोळायचा,
आता गुडघ्याच्या वर.
लक्कव्वानं खाली जुन्या इरकलीची पट्टी जोडली.

आज तेच पान तिसऱ्यांदा टाईप केलं.
वय अंदाजे पाच.
चारचे पाच झाले, अंदाजे तसंच राहिलं.

संध्याकाळी लक्कव्वा टेबलाशी आली,
पदरात काजूच्या चार बिया, फीसारख्या पुढं ठेवल्या.
बाई, तिकडं पाण्याला काय म्हंत्यात?
रात्री उठून मागत्ये ती. त्यांस्नी कळाय नको?

की मी शिकवून ठेवू आधीच?

मोबाईलवर शोधलं. चिठ्ठीवर लिहिलं.
ती म्हणाली, ही अक्षरं नकोत, मला कन्नडच वाचता येतं.
मग कन्नडात लिहिलं, बऱ्याच वर्षांनी पेनानं.
तिनं उजेडाकडं धरून वाचलं,
आक्वा.
पुन्हा, आक्वा.
घोकत घोकत रस्ता ओलांडून गेली,
आणि पलीकडच्या फुटपाथवर पोचेपर्यंत
तिच्या तोंडात त्याचं अक्का झालं होतं.