दिव्याचे तास

तीन हजार आठशे बारा.
मेनूत अगदी तळाशी लिहिलेलं असतं,
रोज बघतो, बीपीच्या आकड्यासारखं.
कंपनी म्हणते, चार हजारांपर्यंत चालेल.
कंपनीला काय जातंय म्हणायला.

खाली मेव्हण्याचे चार माग होते,
मार्चात भंगारात गेले.
तोवर आमच्या प्रोजेक्टरला आवाज आहे
हे ठाऊकच नव्हतं.
आता पिक्चरमधलं कुणी गप्प बसलं
की ह्याचा पंखा बोलतो.

एकतीस वर्षं रंगखान्यात काढली मी.
काळा सोपा नसतो.
पहिल्या धुण्यात कळतं, चढलाय की नुसता बसलाय.
वर्षभर आमच्या भिंतीवरची रात्र
दहादा धुतलेल्या टॉवेलासारखी दिसते.
नागमणी म्हणते,
तुमच्याशिवाय कुणाला दिसतंय ते?

नव्या पेठेत इरण्णानं एसीत बसवून
लेझरवाला दाखवला. एक मासा,
त्याचं खवलं न् खवलं.
म्हटलं, मासा राहू दे, अंधार दाखव.
त्यानं दाखवला.
बोट बुडवलं तर बोटाला लागेल, असा.
किंमत ऐकली, चहा प्यालो,
तळ्याला उगाच एक वळसा घालून घरी आलो.

निघताना तो सहज म्हणाला होता,
काका, ह्याच्यात पडद्याचं सूतसुद्धा दिसेल, बघा.

पडदा म्हणजे चौथ्या मागावरचं शेवटचं कापड.
पांढरं, बिनकाठाचं.
डावीकडे खाली एक तार तुटली होती,
भूमय्यानं तिथल्या तिथं गाठ मारली.
तिच्यावरून घोडे गेले, आगगाड्या गेल्या,
नट्या रडल्या.
गाठ कुणाला दिसली नाही.

काल त्रेचाळीस डिग्री. रात्री साडेनवाला लाईट गेली,
ऐन मारामारीत.
खोलीत असा काळोख की
स्वतःचा हात सापडेना.
नागमणी म्हणाली, घ्या तुमचा काळा. फुकट आहे.

मी उठलो. चाचपडत पडद्यापाशी गेलो,
बोटानं गाठ शोधत बसलो.
सापडायला वेळ लागला.
वाटलं होतं त्याहून बारीक निघाली.

लाईट आली. दिवा तापेपर्यंत
दोघंही काही बोललो नाही.
मग गुंडांची अख्खी टोळी
माझ्या सदऱ्यावरून पळत सुटली
आणि मागून आवाज आला,
अहो, सरका की बाजूला.