साधी कैद

निपाणीच्या कोर्टात मी दुभाषी, रोजावर.
आले तेवढ्या दिवसांचे पैसे, तेही मार्चअखेरीस.
साहेब मंड्याकडचे, त्यांना मराठी नाही.
फिर्यादी कागलकडून इकडे दिलेली, तिला कन्नड नाही.
मधे मी, शपथ घेऊन उभी:
ऐकेन तेवढंच सांगेन.

नाव विचारलं. आक्काताई, म्हणाली.
साहेबांचं पेन थांबलं. हे नाव, की हाक?
नावच, सर.
दोन्ही भाषांत थोरली बहीण,
आणि तिच्या बाकावर माहेरचं कोणी नाही.

दवाखान्याचा दाखला वाचला गेला.
कन्नडात जखमेला गाय म्हणतात.
पहिल्या दाखल्यात सादा गाय.
मग एक्स-रे निघाला, अंगठ्याच्या हाडाला चीर दिसली,
तेव्हा भारी गाय.
कायद्याला हाड लागतं, नाहीतर दात.
नुसतं काळंनिळं असेल
तर वीस दिवस दुखून दाखवावं लागतं.
भारी गाय, असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा आक्काताई
पदर तोंडाला लावून हसली.
बाई, आमच्यात गुरं न्हाईत, मला म्हणाली.
आरोपीचे वकील लगेच उठले:
बघा साहेब, हसतेय. घरात समेट आहे.

हसण्याचं भाषांतर मला कोणी शिकवलं नव्हतं.

गुन्हा शाबीत झाला होता, आता फक्त शिक्षेवर ऐकायचं.
शिक्षा, तिकडे शिक्षे.
दिवसभरात हा एकच शब्द
मी न उचलता पलीकडे गेला.

पहिलाच गुन्हा, वकील म्हणाले. वय एकेचाळीस.
म्हातारी आई अवलंबून. घरात एकटा कमावता.
रावसू मान खाली घालून उभा, नवा शर्ट,
कॉलरमध्ये दुकानातली टाचणी तशीच.
मी एकेक कारण मराठीत आणून तिच्यापुढे ठेवलं.

कमावता?
हजार विड्या मी वळतो रोज. वळत हुतो.
पानाची घडी ह्या अंगठ्यानं पडती.
आन म्हातारी माझ्यात जेवती,
आज बी तिची भाकरी झाकून आलोय.
तिच्या नावानं ह्याला सूट कशाला?

हे मी जसंच्या तसं सांगितलं.
फक्त सूट म्हणताना अडखळले,
कापडदुकानाची पाटी डोळ्यापुढे आली.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला,
आणि बराच वेळ लिहीत राहिले.

एक वर्ष साधी कैद. दहा हजार दंड.
त्यातले आठ तिला, भरला तर.

साधी म्हंजे?
काम नसलेली. सक्तमजुरी नाही.
नुसतं बसून ऱ्हायचं?
हो.
जेवाण देत्यात?
दोन वेळचं.
रातचं कोन हात लावत न्हाई?
नाही.

ती खिडकीकडे बघत राहिली.
बाहेर तंबाखूची ट्रॉली रिव्हर्स घेत होती,
कोणीतरी ओरडत होतं, येऊ दे, येऊ दे.
मग बाजारात भाव विचारावा तसं, हळूच:
बाई, त्येच्या वाटची मीच भोगू काय?

साहेब माझ्याकडे वळले. एन हेळ्तारे?
वीस वर्षांत मी एक शब्द गाळला नव्हता.
एनिल्ल, सर, मी म्हणाले.
काही नाही.

अपिलापुरता जामीन त्याच दुपारी झाला.
आम्ही कचेरीच्या दारात उभ्या होतो
तोवर रावसू स्टँडवर पोचलासुद्धा असेल.
भरपाईच्या अर्जावर अंगठा हवा होता.
बाईमाणसाचा उजवा, शिपाई म्हणाला.
तिनं तोच पुढे केला, वाकडा जुळलेला.
पॅडवर दाबला, कागदावर दाबला,
अर्धाच उमटला.

पुन्हा, शिपाई म्हणाला. जोर लावा.